भुंगा कुणाचा

शर्टाला पुढे सात काजं असतात. गळ्यापाशी एक आडवं, बाकीची सहा उभी. एक्केचाळीस वर्षं मी हाताने काजं केली. दोऱ्याला मेण लावायचं, कापडाला बारीक चीर द्यायची, आणि चिरेच्या कडेने टाक्याला टाका भिडवून असं भरायचं की शर्ट फाटेल पण काज उसवणार नाही. आमच्या रस्त्यावर चार शिंपी होते. चौघांचं एकमेकांशी पटत नसे, पण काजं चौघांचीही माझ्याकडेच यायची. माझं नाव कुणी घेत नसे, काजवाली म्हणत. माझ्या नवऱ्यालाही काजवालीचा नवरा म्हणत. त्याला ते आवडायचं नाही. मला आवडायचं.

काजं मी करायचे आणि बटणं माझी धाकटी लावायची. मुलगी माझी. थोरला मुलगा सुई बघितली की पळायचा, ही आपणहून येऊन बसली तेव्हा सात वर्षांची होती. खिडकीपाशी आम्ही समोरासमोर बसायचो, मधे एक फळी. पुरुषाच्या शर्टाचं काज डाव्या बाजूला असतं आणि बटण उजव्या. म्हणजे एकच शर्ट फळीवर पसरला की डावी बाजू माझ्याकडे, उजवी तिच्याकडे. दुसरीकडे कुणी असं काम करत नाही, सगळी काजं आधी होतात आणि बटणं मागून. पण तिला एकटीने बटणं लावायचा कंटाळा यायचा, आणि मला तिच्यावर नजर ठेवता यायची.

आता काजाला वेळ लागतो. बटण चार भोकांतून दोरा ओवून, खाली वेढे देऊन, चटकन होतं. तिचं बटण लागून जायचं, माझं काज अर्ध्यावर असायचं, आणि ती वाट बघत पाय हलवत बसायची. फळी हलायची. फळी हलू नये म्हणून मी गोष्ट सुरू केली. माझं काज पुरं झालं की मी एक वाक्य बोलायचं, तिचं बटण लागलं की तिने एक. सात काजं, सात बटणं, चौदा वाक्यं. शर्ट संपला की गोष्ट तिथेच थांबायची, मग कुणी पाण्यात पडलेलं का असेना. पुढचं पुढच्या शर्टाला.

गोष्ट एका गोगलगाईची. पाठीवरचं घर तिला एकटीला मोठं पडायचं, म्हणून तिने भाडेकरू ठेवले. सगळे तिला मालकीणबाई म्हणत. ती निघाली की सगळ्यांना निघावं लागे, कुणाला यायचं असो वा नसो. माझे भाडेकरू नीट वागणारे होते. एक मुंगी होती, ती सकाळी जिना झाडायची. एक कोळी होता, पडदे त्याच्याकडे. धाकटीने आणला तो भुंगा. तो घोरायचा, काही कामाचा नव्हता, आणि घर जरा वळलं की भिंतीला धरून ओरडायचा, ‘मालकीणबाई, हळू.’ मी त्याला दोनदा घराबाहेर काढला. दोन्ही वेळा पुढच्या बटणाला धाकटीने त्याला खिडकीतून आत घेतला. मी तिसऱ्यांदा काढायला गेले तर तिने बटण लावायचं थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. भुंगा राहिला.

धाकटी तेवीस वर्षांची असताना गेली. गावाबाहेर मोठा कारखाना निघाला होता, तिथे मशीनवर काजं व्हायची, एका मिनिटात पाच. तिला तिथे नोकरी मिळाली. आमच्या चार शिंप्यांपैकी दोघे त्याच कारखान्यामुळे दुकान बंद करून बसले होते, आणि माझी मुलगी तिथे जाऊन काजांचं बटण दाबणार. मी म्हटलं, जायचं तर जा, पण पुन्हा हे दार वाजवायचं नाही. तिने जन्मभर माझं एक ऐकलं नाही. हे तेवढं ऐकलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. तिचा बाप गेला तेव्हा ती स्मशानात आली, लांब उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. मीही हाक मारली नाही. थोरल्याला मी सांगून ठेवलं की तिचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. थोरला आज्ञाधारक. विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहतो आणि दर रविवारी फोन करून विचारतो, आई जेवलीस का.

त्यानेच हा फोन पाठवला, ज्यात माणसं दिसतात. तो मी चार महिने कपाटात साड्यांखाली ठेवला होता. मग वाचनालयात फळ्यावर पाटी लागली, साठीच्या पुढच्यांसाठी मोबाईलचा वर्ग, मंगळवार आणि गुरुवार, अकरा वाजता. मी चार इयत्ता शिकलेली. मराठी वाचते, सावकाश. इंग्रजी अक्षर मला खुर्चीसारखं दिसतं, हातपाय असलेलं पण बोलत नाही ते. तरी गेले. घरात माझं कुणाशी बोलणं व्हायचं तर ते गॅसच्या शेगडीशी. तीही अलीकडे पहिल्या हाकेला पेटत नव्हती.

वर्गात आम्ही सात जण. शिकवायला एक पोरगी होती, तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. सगळ्यांना ती सरसकट आजी-आजोबा म्हणे. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की पासवर्ड कुणाला कळू द्यायचा नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ तो अक्षर अक्षर मोठ्याने म्हणत फोनमध्ये भरत होते. ते निवृत्त पोस्टमन. छत्तीस वर्षं पत्ते वाचून त्यांना सगळंच मोठ्याने वाचायची सवय लागलेली, आणि एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून आवाजही तसाच. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आम्हा सगळ्यांना त्यांचा पासवर्ड पाठ झाला. बदला म्हटलं तर म्हणाले, बाई, मला एवढा एकच येतो.

पाचव्या धड्याला मास्तरणीने आवाज भरायला शिकवलं. एक ठिकाण असतं फोनमध्ये, तिथे आपला आवाज ठेवायचा आणि जगातल्या कुणीही येऊन ऐकायचा. नाव काय ठेवू म्हणाली. मी म्हटलं, काजवाली. पोस्टमननी पत्ते कसे ओळखायचे ते सांगितलं. एका बाईने खोकला भरला, तिला बटण कुठलं ते कळलं नाही. मी गोगलगाईची गोष्ट सांगितली.

मी माझी वाक्यं सांगितली. धाकटीची सोडली. तिचं नाव घरात निघत नव्हतं, मग तिची वाक्यं कशी निघणार. भुंगा तर नाहीच. घरी येऊन मी रोज दुपारी खिडकीपाशी बसून एकेक तुकडा भरायला लागले. एका शर्टाचा एक तुकडा, सात वाक्यं. मधे मधे घर वळायचं आणि मुंगी म्हणायची, ‘असं काय ओरडायचं,’ आणि ओरडलं कोण ते कुणालाच कळायचं नाही. पोस्टमन सगळे तुकडे ऐकायचे. म्हणाले, गोष्ट झकास आहे बाई, पण मधे मधे पायरी नसल्यासारखा पाय खाली जातो. मी म्हटलं, तुमच्या कानाचा दोष. असे एकोणीस तुकडे झाले. मला सवय लागली. दोन वाजले की मी केस नीट करून बसायचे, आवाज भरायला केस कशाला लागतात कुणास ठाऊक.

मग तो धडा आला. आपण जे करतो त्यावर आपला हक्क असतो, मास्तरीण म्हणाली. चित्र काढा, गाणं म्हणा, गोष्ट सांगा. कुणी न विचारता उचललं आणि आपलं म्हणून लावलं तर ती चोरी, आणि त्याची तक्रार करता येते. तिने शोधायचं कसं तेही दाखवलं. सगळ्यांनी शोधलं. बाकीच्यांचं कुणी काही चोरलं नव्हतं, त्या खोकल्याच्या बाईला तर वाईटच वाटलं. माझं सापडलं.

एकोणीसच्या एकोणीस. वर नाव दुसरंच, इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा. मास्तरणीने पहिलं लावलं तर त्यातून माझाच आवाज. ‘एका गोगलगाईच्या पाठीवर घर होतं.’ माझा आवाज, माझी खिडकी, मागे माझ्या खुर्चीची कुरकुर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, बंद कर.

कधीतरी दोन गल्ल्या सोडून एक बाई काजं करायची आणि माझी म्हणून शिंप्यांना खपवायची. मी भर दुकानात जाऊन तिचा शर्ट उलटा केला होता आणि आतले टाके गिऱ्हाइकांना दाखवले होते. पुन्हा ती त्या रस्त्याला दिसली नाही. तोच संताप चाळीस वर्षांनी जसाच्या तसा अंगात आला. मला बरंसुद्धा वाटलं. रागावण्यासारखं कुणी बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

मास्तरीण जरा घुटमळली. म्हणाली, आजी, आपण पुढचं ऐकून घेऊ या का, कधी कधी लोक त्यात स्वतःची भर घालतात, ते बघावं लागतं. मी म्हटलं, चोरलेल्या शर्टाला चोराने इस्त्री केली म्हणून तो काय त्याचा झाला. पोस्टमन काहीतरी बोलायला लागले होते, मी त्यांच्याकडे वळलेच नाही म्हणून त्यांना वाटलं मी ऐकलंच नाही. मी ऐकलं होतं. ते म्हणत होते, थांबा जरा.

तक्रारीचा कागद फोनमध्येच असतो. मास्तरीण एकेक ओळ वाचून दाखवत होती. हे काम तुमचं आहे का. होय. तुम्ही परवानगी दिली होती का. नाही. मग म्हणाली, “आजी, इथे विचारलंय, हे काम तुमचं एकटीचं आहे का, की आणखी कुणाचा त्यात वाटा आहे?”

“माझं नाही तर काय तुझ्या सासूचं?”

“माझं लग्न नाही झालं अजून.”

“मग एकटीचं दाब.”

तिने दाबलं. खाली लिहिलं होतं की वरील माहिती खरी आहे. तेही दाबलं.

चार दिवसांत उत्तर आलं की एकोणीसही तुकडे काढून टाकले आहेत. मी ते उत्तर तीनदा वाचलं. रविवारी थोरल्याला फुशारक्या मारून सांगितलं. तो म्हणाला, कोण होतं ते बघितलंस का. मी म्हटलं, मला काय करायचंय. मग त्याने विचारलं, जेवलीस का.

मंगळवारी पोस्टमन माझ्या शेजारी बसले नाहीत. खोकल्याच्या बाईपलीकडे जाऊन बसले. मी सुटी झाल्यावर जिन्यात गाठलं आणि विचारलं, काय बिनसलंय. लोकांशी भांडायचं तर मला तोंडावर लागतं. ते कठड्याला हात लावून एक पायरी खाली उभे होते, म्हणजे आम्ही दोघं सारख्याच उंचीवर आलो होतो.

“राग नका मानू बाई,” ते म्हणाले, “पण मला ती दुसरीच बरी वाटायची. तुमची संपली की मी तिची लावायचो. फिरायला जाताना कानात. त्यात सगळ्या पायऱ्या जागेवर होत्या.”

“कसल्या पायऱ्या?”

“तुमचं एक वाक्य, की मग तिचं एक. तुमचं, तिचं. छान बसायचं. आणि त्यात भुंगा आहे. तो घोरतो, आणि घर वळलं की म्हणतो—”

मी म्हटलं, गप्प बसा. मोठ्याने बोलले असेन, कारण खालून वाचनालयातल्या माणसाने वर बघितलं. भुंगा मी कुणाला सांगितला नव्हता. फोनला नाही, थोरल्याच्या बायकोला नाही, कुणालाच नाही. तो जगात दोन माणसांना माहीत होता.

मी विचारलं, तिचं नाव काय होतं वर. ते इंग्रजी. पोस्टमननी डोळे मिटले, जसे ते जुना पत्ता आठवायचा झाला की मिटतात, आणि एकेक अक्षर बोटाने हवेत मांडत म्हणाले, बटन. बटन, आणि पुढे आकडा सात.

मास्तरणीला ते वाचता येत होतं. थोरल्याला आलं असतं. वर्गात त्या दिवशी निम्म्यांना आलं असतं. मी विचारलंच नव्हतं. मला न येणारं अक्षर मी दुसऱ्याला विचारत नाही, ही माझी जुनी खोड. शिंप्याच्या चिठ्ठीवर काही कळलं नाही तर मी अंदाजाने करायचे, आणि एकदा एका नवरदेवाच्या शर्टाला अंदाजाने नऊ काजं केली होती.

पोस्टमनकडे तीन तुकडे होते. फिरायच्या रस्त्यावर फोनला रेंज नसते म्हणून त्यांनी ते आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवले होते. मास्तरीण म्हणाली असती, हेही बरोबर नाही. जिन्यातच लावू का म्हणाले. मी म्हटलं नको, माझ्यावर पाठवा. त्यांना पाठवता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. दोघांनी मिळून अर्धा तास घातला. पहिल्यांदा ते त्यांच्या जावयाला गेलं.

घरी आले. पाणी प्यायले. खिडकीपाशी बसले. ती फळी आता तिथे नाही, तिचा शेल्फ केला आहे, त्यावर औषधं असतात. दुपारचे दोन वाजत होते आणि माझा स्वतःचा आवाज भरायची वेळ होती. मी तो पहिला तुकडा लावला.

‘एका गोगलगाईच्या पाठीवर घर होतं,’ मी म्हणाले. मग जरासं थांबून दुसरा आवाज आला. ‘आणि ते तिला एकटीला मोठं पडायचं.’

आवाज जाड झालाय. शब्दाच्या शेवटी दम लागल्यासारखी थांबते, आधी नव्हती थांबत. पण वाक्य तेच होतं, पहिल्या शर्टाचं, पहिल्या बटणाचं. मी ते विसरले होते. मला वाटत होतं, घर मोठं पडायचं हे माझंच वाक्य.

मग मी, मग ती. तिने माझ्या एकाही शब्दाला हात लावला नव्हता. मी जिथे पोकळी ठेवली होती तिथे ती बरोबर मावली होती, कुठे ताण नाही, कुठे चुणी नाही. मुंगी म्हणाली, ‘असं काय ओरडायचं,’ आणि आता कळत होतं कोण ओरडलं. माणसाला स्वतःचंच बोलणं अकरा वर्षांनी पुरं ऐकू आलं की कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मी फोन मांडीवर ठेवला होता. कानाला लावला नव्हता, उगाच वाटलं की श्वास ऐकू जाईल.

दुसऱ्या तुकड्यात, मधेच, भुंगा पडला या तिच्या वाक्यानंतर लगेच एक तिसराच आवाज आला. लहान. मुलगी की मुलगा ते त्या वयात कळत नाही. म्हणाला, ‘मग भुंग्याला लागलं का?’ आणि धाकटी हळूच, तोंड फोनपासून वळवून म्हणाली, ‘थांब. आता आजीचा नंबर.’

आणि मग मी बोलले. माझं वाक्य, मुंगी जिना झाडते ते. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

मी ते पुन्हा लावलं. किती वेळा ते मोजलं नाही. चार वाजता खाली भाजीवाला ओरडून गेला, तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी बुधवार, वर्ग नव्हता. तरी वाचनालयात गेले. मास्तरीण पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिला म्हटलं, ती तक्रार मागे घ्यायची. तिने हातातलं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. पोरगी शहाणी आहे. मागे घ्यायचाही कागद असतो. त्यात कारण विचारतात, आणि कारणं तयार लिहिलेली असतात, फक्त निवडायचं. मास्तरणीने पहिल्यावर बोट ठेवलं. चुकून केली.

“चुकून नव्हती केली,” मी म्हटलं. “स्वतः लिहायची जागा नाही का?”

होती. सगळ्यात खाली, लहान चौकट. मास्तरीण म्हणाली, तुम्ही सांगा, मी भरते. मी म्हटलं, तू तुझ्या चिठ्ठ्या चिकटव. एका बोटाने लिहायला मला पाऊण तास लागला. एक अक्षर शोधायला लागलं की मागचं काय लिहिलं ते विसरायचं. शेवटी झालं ते एवढंच. गोष्ट दोघींची आहे. मी एकटीची म्हटलं ते खोटं होतं. भुंगा तिचा आहे. तिला लावू द्या.

मास्तरणीने वाचलं. भुंग्याच्या ओळीवर जरा थांबली. जाऊ दे म्हणाले, त्यांना कळो न कळो. पाठव.

उत्तर आलं, तेही यंत्राने लिहिल्यासारखं. तक्रार मागे घेतल्याची नोंद झाली आहे. समोरच्या व्यक्तीला कळवलं आहे. तुकडे पुन्हा ठेवायचे की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचं आहे. तोपर्यंत ते बंद राहतील. मी मास्तरणीला विचारलं, माझा निरोप तिच्यापर्यंत जाईल ना, मी लिहिला तो. तिने सगळं पुन्हा वाचलं आणि मान हलवली. कारण आतल्या आत राहतं, समोरच्याला दाखवत नाहीत.

म्हणजे काजवालीने तक्रार केली हे तिला कळलं, आणि काजवालीने मागे घेतली हेही कळलं. मधलं काही नाही.

रविवारी थोरल्याचा फोन आला. जेवलीस का विचारायच्या आधी मी म्हटलं, तुला ठाऊक होतं. तो म्हणाला, आई, तूच म्हणाली होतीस नाव काढायचं नाही. मी म्हटलं, ते लेकरू मुलगी आहे की मुलगा. मुलगी, तो म्हणाला. साडेपाच वर्षांची. रात्री तुझी गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही. मग घाईने म्हणाला, नव्हती झोपत.

मी त्याला म्हटलं, तिचा नंबर दे. तो म्हणाला, विचारून सांगतो. माझ्या पोटच्या पोराने माझ्या पोटच्या पोरीचा नंबर द्यायला परवानगी मागायची. पण मी बरं म्हटलं. कुणाचं काही द्यायचं तर आधी विचारावं, हे मीच मागच्या रविवारी त्याला ठणकावून सांगितलं होतं, गोगलगाईवरून.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, सध्या नको म्हणाली.

“सध्या असं म्हणाली, की तू म्हणतोयस?”

“ती म्हणाली, आई. सध्या.”

मी त्याला पुन्हा विचारलं नाही. नको एवढंच म्हणाली असती तर ते मला समजलं असतं, तसं तर मी स्वतः आयुष्यभर बोलत आले. सध्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आठवडाभर मी तो शब्द घेऊन घरात फिरले. भांडी घासताना, दाराला कडी लावताना. तुकडे काही परत आले नाहीत. मी रोज जाऊन बघायचे. आता इंग्रजी बी कसा दिसतो ते मला कळतं, काठीला दोन पोटं. पोस्टमननी शिकवला.

मंगळवारी मी वर्गात मास्तरणीला म्हटलं, मला विसावा तुकडा भरायचाय. घरी का नाही भरत म्हणाली. मी म्हटलं, घरी भरला तर मी तो पुसून टाकीन. तिने मला पुस्तकांच्या मागच्या खोलीत बसवलं, तिथे तुटक्या खुर्च्या ठेवतात, आणि दार लोटून घेतलं. पोस्टमन बाहेर उभे राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून. ते कुणाला तरी सांगत होते की आत आवाज करू नका, आणि तेच सगळ्यात मोठ्याने.

मी एकच वाक्य बोलले. ‘मालकीणबाई भुंग्याच्या खोलीपाशी गेली आणि तिने विचारलं, पडला होतास तेव्हा लागलं होतं का तुला.’

मग बंद केलं. मास्तरणीने ऐकून बघितलं. म्हणाली, एवढंच? बाकीचे तुकडे सात-सात वाक्यांचे आहेत, आजी. लोकांना वाटेल अर्धंच राहिलं.

“राहू दे अर्धं,” मी म्हटलं.

तिने ते लावलं. त्या ठिकाणी कुठे कुठे काय काय विचारतात, त्यात पुन्हा तो प्रश्न आला, की आणखी कुणाचा वाटा आहे का. मी होय म्हटलं. कुणाचा, तर तिथे नाव लागतं. मी तिचं नाव सांगितलं. ते तोंडातून काढायला जमलं. मास्तरणीने शुद्ध लिहिलंय की नाही ते मी अक्षर अक्षर वाचून घेतलं.

त्याला आता सहा दिवस झाले. खाली एक आकडा असतो, किती जणांनी ऐकलं त्याचा. त्यात माणसं दिसत नाहीत, नुसता आकडा. काल चार होता. पोस्टमन एक, त्यांनी मला फोन करून सांगितलं. मास्तरीण एक. एक मी, चुकून, लागलं का नीट ते बघायला. चौथा कोण, ते लिहीत नाहीत. मी मास्तरणीला विचारलं, कळायची काही सोय आहे का. ती म्हणाली, नाही आजी, ज्याला आपलं नाव सांगायचं असेल त्यानेच सांगायचं.

आज सकाळी बघितलं. अजून चारच आहे.